वठलेल्या झाडाची होळी

बाळकुममध्ये राघो केण्यांचं घर विचारलं की लोक आधी उलट विचारतात, "होळीवाले केणे ना?" आणि मग बोटानं टॉवर दाखवतात. गावात केणे पुष्कळ आहेत. होळीवाले एकच.

होळीचं झाड पाडायचा मान या घराचा. गावची होळी कितीही थाटाची असो, झाडावर पहिला घाव केण्यांच्या कुऱ्हाडीचाच पडायचा. त्याच्या आधी कुणी नुसता कोयता टेकवला तरी वर्षभर पुरेल एवढं भांडण व्हायचं. राघोच्या आज्यानं तो घाव घातला, बापानं घातला, आणि बाप गेला तेव्हा मिठागरात मीठ ओढणाऱ्या तरण्या राघोच्या हातात कुऱ्हाड आली. पुढे मिठागर बंद पडलं. राघो कारखान्यात लागला, तोही बंद पडला. भाताच्या खाचरांवर इमारती उठल्या आणि त्यातल्याच एका इमारतीत, सातव्या मजल्यावर, राघोचा संसार चढला. सामान हलवताना त्यानं कुऱ्हाड टेम्पोत टाकली नाही, हातात धरून नेली. लिफ्टमध्ये कुऱ्हाडवाला माणूस बघून नव्या शेजारणीनं वॉचमनला बोलावलं होतं. ती गोष्ट राघो स्वतःच हसत हसत सांगायचा.

झाड पाडायचीही रीत होती. आदल्या दिवशी केण्यांच्या घरचा माणूस मूठभर तांदूळ, पान-सुपारी आणि नारळ घेऊन झाडाकडे जायचा. झाड बहुतेक सावरीचं असायचं, कारण सावर सरळसोट वाढते. बुंध्याशी सगळं ठेवून म्हणायचं, "उद्या येतंय गं बाय. रागावू नको." मगच दुसऱ्या दिवशी कुऱ्हाड. आणि पावसाला सुरुवात झाली की त्याच झाडाची राखून ठेवलेली फांदी बांधावर रोवायची. सावर फांदीवरही धरते. एक गेलं, एक आलं. याला कुणी पर्यावरण म्हणत नव्हतं. मागितलेलं परत करायचं, एवढाच त्यात हिशोब.

बांध गेले तशी फांदी रोवायची जागा गेली. मागणं राहिलं, देणं सुटलं. गावात पूर्वी होळी एक असायची, आता जितकी कॉम्प्लेक्स तितक्या होळ्या. हुताशनीच्या आधीच्या आठवड्यात रस्त्याकडेची झाडं ओकीबोकी व्हायची, आणि ती कुणी तोडली ते कुणालाच ठाऊक नसायचं.

अशा एका माघात राघो झाड हेरायला निघाला. खाडीकडची बाजू बघितली, जुन्या मिठागराची वाट बघितली, कारखान्याच्या पडक्या भिंतीमागे डोकावला. दिवसभर हिंडून परतला आणि पायपुसण्यावरच बसला.

"काय झालं?" बायकोनं, लक्ष्मीनं विचारलं.

"सावर नाय गावली."

"एक पन नाय?"

"एक हाय. देवलामागची."

गावदेवीच्या देवळामागे पूर्वी तळं होतं. तळं बुजलं, त्यावर गाड्या उभ्या राहू लागल्या, पण काठावरची सावर तेवढी तशीच होती. माघ-फाल्गुनात अंगावर पान नसताना ती लाल फुलांनी भरायची आणि कावळे, साळुंक्या, बुलबुल नुसता बाजार मांडायचे. राघोची आई तिचाच कापूस वेचून उशा भरायची. बाळकुमच्या शिवेत उरलेली शेवटची सावर ती. रीतीप्रमाणे आता तिची पाळी होती.

होळीच्या आधी गावदेवीच्या देवळात बैठक भरते. ट्रस्टचा अध्यक्ष मधु भोईर राघोच्याच वयाचा, मिठागरातला जोडीदार, आता तीन दुकानांचा मालक. त्या वर्षीपासून कॉम्प्लेक्सवाल्यांनाही बोलावणं जाऊ लागलं होतं. त्यांच्यातर्फे सुमतीबाई आल्या होत्या. रसायनशास्त्र शिकवून निवृत्त झालेल्या, पाठ ताठ, मराठी स्वच्छ.

"यंदा सावर नाय पारायची," राघो म्हणाला.

"मंग काय पारायचं? तुझी लिफ्ट?" मधु म्हणाला. देऊळ हसलं.

"काय पन नाय पारायचं. वठलेलं, वाऱ्यानं परलेलं, असंच झार आनायचं. आनि सगल्यांची होली एकच. कॉम्प्लेक्सवाल्यांनी पन हितंच यायचं."

"मेलेल्या झाराची हावली? अरे, सुतक लागंल गावाला."

"जालतोच ना शेवटी? जितं जालन्यापेक्षा मेलेलं जालू."

यावर म्हातारे कुरकुरले, पोरं मोबाइलकडे वळली. तेवढ्यात सुमतीबाई उभ्या राहिल्या. "राघोदादा, हेच आम्ही सोसायटीच्या मीटिंगमध्ये वर्षानुवर्षं घसा कोरडा करून सांगतोय. कुणी ढुंकून बघत नाही. तुम्ही देवळात सांगितलंत तर ऐकतील. देवीसमोर सांगा."

राघोला तेवढंच हवं होतं. तो उठला, गाभाऱ्याच्या उंबऱ्यावर हात ठेवून म्हणाला, "आई, आजपासून केण्यांची कुऱ्हार हिरव्या झारावर परनार नाय." शब्द गेला तो गेला. देवीला दिलेला शब्द बैठकीत मतदानाला टाकता येत नाही. गावानं मान्य केलं.

आणि चमत्कार वाटावा तसं ते जमलं. पहिल्या वर्षी कुणाच्या तरी जुन्या वाडीतला वठलेला आंबा सापडला. ठेंगणा होता, वाकडा होता, पण कॉम्प्लेक्समधली माणसं पहिल्यांदाच देवळासमोर आली. त्यांना हावलूबायची, म्हणजे होळीची गाणी कळली नाहीत, तरी टाळ्या वाजवल्या. सुमतीबाईंनी एक पेटारा ठेवला होता. नैवेद्याची एक पोळी आगीत, बाकीच्या पेटाऱ्यात. त्या पोळ्या दिवा स्टेशनजवळच्या चाळींमध्ये वाटल्या गेल्या. होळीची राख पिशव्या भरून लोकांनी कुंड्यांसाठी नेली. दुसऱ्या वर्षी वाऱ्यानं पडलेला गुलमोहर मिळाला, तो चांगला उंच होता.

पहिल्या होळीनंतरच राघोला बोलावणी येऊ लागली होती. दिव्याच्या एका देवळात, टिटवाळ्याच्या एका मंडळात, डोंबिवलीच्या कुठल्याशा सभागृहात. आधी तो हातात माइक आला की घामाघूम व्हायचा. पुढे सरावला. "देवाला हिरवं जालून काय मिलनार?" या वाक्याला टाळी पडते हे त्याला कळलं, तसा तो त्या वाक्याआधी जरा थांबू लागला. घरात शालींची चळत झाली.

"सावर वाचली," लक्ष्मी म्हणायची, "पन तुमच्या डोस्क्यात हवा शिरली त्याचं काय?"

"जलतेस तू."

"मी कनाला जलू? मना शाली धुवाव्या लागतात."

मुलगा नयन मात्र बापाच्या पाठीशी उभा होता. नयनचं काम वॉटरप्रूफिंगचं. गळक्या भिंतीला ड्रिलनं भोकं पाडायची, नळीनं आत केमिकल सोडायचं, वरून सिमेंटचं बुच मारायचं. बाळकुमच्या निम्म्या टॉवरांची गळती त्यानं थांबवली होती. होळीच्या मंडळाचाही तोच प्रमुख. झाड शोधणं, आणणं, खड्डा खणणं, सगळं नयन बघायचा. राघोनं फक्त होळीच्या सकाळी कुऱ्हाड घेऊन यायचं. "बाबा, तुम्ही टेन्शन घेऊ नका, झाड मी बघतो," असं तो म्हणायचा आणि राघो खरंच टेन्शन घेत नव्हता. पोरगा आपलं काम पुढे नेतोय, याहून बापाला काय हवं असतं?

तिसऱ्या होळीच्या आधीच्या दिवाळीनंतर देवळामागच्या सावरीला कुणीतरी शेंदूर लावला. बुंध्याभोवती कमरेच्या उंचीवर जाड, ओला, भडक शेंदूर. वर भगवं फडकं बांधलेलं. दोन दिवसांत तिथे उदबत्त्या लागल्या, आठवड्यात नारळाची शकलं दिसू लागली. राघोचा ऊर भरून आला. ज्या झाडाला आपण मरणापासून सोडवलं त्याला गाव पुजायला लागलं होतं. तो रोज सकाळी जास्वंदीचं फूल घेऊन जाऊ लागला. शेंदरावर ते चिकटवायचा, हात जोडायचा.

"कोनी लावला शेंदूर?" लक्ष्मीनं विचारलं.

"लावला असंल भाविकानं."

"आपल्यात सावरीला कोन शेंदूर लावतो? सासूबाईंनी कदी लावला नाय."

"जमाना बदलतो गं. आथा लोकांना झाराची किंमत कलली."

थंडीत सावरीची पानं गळाली. सावर दरवर्षीच पानं गाळते, म्हणून कुणाला काही वाटलं नाही. राघोलाही नाही. पौष गेला. माघात फांद्यांच्या टोकांना काळपट कळ्या धरतात, लांबून बघितलं तर झाडाला बोरं लागल्यासारखी दिसतात. त्या माघात काही दिसेना. राघो मान वर करून बघायचा आणि स्वतःला समजवायचा, यंदा थंडी उशिरा होती, जरा मागे पडली असेल.

मग एका संध्याकाळी मधु भोईर त्याला देवळाच्या पायरीवर भेटला. मोठ्या खुशीत होता. "यंदा काय चिंताच नाय राघो. देवीनंच दिली."

"काय दिली?"

"सावर. वठली ना! नयननं बगितली, मी बगितली. घरच्या घरी. आनायला पन नको, देवलामागून पुढं आनायची."

राघो देवळामागे गेला. खिशातल्या किल्लीनं त्यानं सालीवर ओरखडा काढला. जित्या झाडाच्या सालीखाली ओला हिरवट थर असतो, मुळांनी ओढलेलं पाणी त्याच्याच आतून वर चढतं. इथे तपकिरी भुसा निघाला. थोडं वर काढला, थोडं खाली काढला. सगळीकडे भुसा. मग त्याची नजर शेंदरावर गेली. इतके महिने रोज त्यावर फूल चिकटवताना त्याला एकदाही वाटलं नव्हतं, की शेंदूर लावायचाच तर टिळ्याएवढा लावतात, असा पट्टा कशाला ओढतील? त्यानं अंगठ्यानं शेंदूर सारला. खाली करड्या सिमेंटची गोल टिकली होती. तिच्या शेजारी दुसरी. त्यापुढे आणखी, बुंध्याला वळसा घालून गेलेली रांग.

असली बुचं ओळखायला त्याला कुणाची गरज नव्हती. तो रोज आंघोळीला बसायचा तेव्हा समोरच्या भिंतीत तीच दिसायची.

किल्लीनं एक बुच उकरलं तसा आतून नाकाला झोंबणारा आंबट वास आला. राघोनं शेंदराचा हात धोतराला पुसला. पुसला गेला नाही.

नयन घरी आला तेव्हा लक्ष्मी चहा गाळत होती. राघोनं तळहात पुढे केला. नयननं लाल हात बघितला, बापाचं तोंड बघितलं आणि बूट काढता काढता थांबला.

"तू केलंस?"

"बसा ना बाबा. चहा घ्या."

"तू केलंस का?"

"हो. मी केलं." नयन खुर्चीवर बसला. त्याच्या आवाजात शरम नव्हती, कंटाळा होता. "वठलेलं झाड दरवर्षी कुठून येतं असं वाटतं तुम्हाला? वरून पडतं? पहिल्या वर्षीचा आंबा खरा होता, मान्य. पुढच्या वर्षी मी पार घोडबंदरपासून खाडीपर्यंत फिरलो. एक झाड नाही. जे वठतं ते लोक दुसऱ्या दिवशी उचलून नेतात."

"गुलमोहर वाऱ्यानं परलेला."

"कुठला वारा? पाऊस जाऊन किती महिने झालेले. एका बाजूची मुळं तोडली आणि दोर लावून ओढला. तुम्ही तेव्हा दिव्याला भाषण करत होता."

त्या गुलमोहरावर घातलेला घाव राघोला आठवला. लाकूड ओलं लागलं होतं. ताजं पडलंय म्हणून ओलं असेल, असं त्यानं मनाशी म्हटलं होतं, आणि पुढची टाळी ऐकली होती.

"कोनाकोनाला ठावं हाय?"

"मधुकाकाला आहे. मंडळाला आहे. ज्यानं ज्यानं विचारलं त्याला आहे. तुम्ही कधी विचारलंच नाही, बाबा."

"आनि शेंदूर?"

"बुचं दिसत होती. शेंदूर लावला की आपली माणसं खरवडून बघत नाहीत, पाया पडतात." एवढं बोलून त्यालाच कसंतरी झालं असावं, कारण त्यानं मान खाली घातली. "तुम्ही रोज फूल घेऊन जायला लागाल असं मला काय माहीत होतं."

"अरे, तिच्याचसाठी तर शब्द दिला मी! तिला वाचवायला!"

"ते तुम्ही कुणाला बोललात का कधी? बैठकीत बोललात, वठलेलं झाड पाहिजे. देवीसमोर बोललात, माझी कुऱ्हाड हिरव्यावर पडणार नाही. दोन्ही मी पाळलं. यंदा सगळी कॉम्प्लेक्स येणार, टिटवाळ्याची माणसं बघायला येणार. काटकी उभी केली असती तर नाक कुणाचं कापलं असतं? माझं? शब्द टाकून तुम्ही मोकळे. तो निभवायचा कुणी?"

लक्ष्मीनं गाळलेला चहा तसाच मोरीत ओतला. "निभवलास," ती म्हणाली. "चांगला निभवलास." आणि आत गेली.

सावर तर गेली होती. आता प्रश्न उरला होता पहिल्या घावाचा. राघोनं घाव घातला म्हणजे ती वठली होती असं केण्यांच्या कुऱ्हाडीनं गावाला सांगितल्यासारखं होतं. नाही घातला तर का नाही हे सांगावं लागणार, आणि खरं सांगितलं तर पोटचा पोरगा चारचौघांत उघडा पडणार, कदाचित प्रकरण पोलिसांतही जाणार. होळीपर्यंत तो कुणाशी बोलला नाही. जास्वंदीचं फूल घेऊन जाणंही बंद केलं. लोकांना वाटलं, म्हातारा भाषणाची तयारी करतोय.

होळीच्या सकाळी देवळामागे पाय ठेवायला जागा नव्हती. गाड्या हलवलेल्या, बँजो पार्टी आलेली, जुन्या घरांतल्या बायका नऊवारीत, कॉम्प्लेक्समधल्या बायका फेट्यांत. सावरीला झेंडूच्या माळा घातल्या होत्या. तिच्या स्वतःच्या फुलांचे दिवस होते ते. माळा नसत्या तर ती नुसती उभी हाडं दिसली असती. एक साळुंकी आली, या फांदीवरून त्या फांदीवर गेली, आणि निघून गेली.

सुमतीबाईंनी माइक घेतला. राघो केणे या साध्या माणसानं धर्मातूनच निसर्गाचा मार्ग कसा दाखवला, कायद्यानं होत नाही ते श्रद्धेनं कसं होतं, असं त्या मनापासून बोलल्या. एकही शब्द खोटा म्हणून बोलल्या नाहीत. टाळ्या झाल्या. नयननं कुऱ्हाडीला हळद-कुंकू लावून ती बापाच्या हातात दिली. देताना त्याचे डोळे म्हणत होते, बाबा, आता नको.

राघो बुंध्याशी गेला. आदल्या दिवशी तो तांदूळ-नारळ घेऊन आला नव्हता. केण्यांच्या घराण्यात हे पहिल्यांदाच झालं होतं. विचारायचं कुणाला?

तो वळला.

"ही सावर वठली नाय," तो म्हणाला. माइक लांब होता, तरी पुढच्या रांगांना ऐकू गेलं. "ही मारली."

बँजोवाल्याचा हात थांबला. मधु भोईर पुढे सरकला. "राघो, येरा झालास काय?"

"कोनी मारली?" मागून कुणीतरी ओरडलं.

राघोनं नयनकडे बघितलं. पोराचा चेहरा पांढरा पडला होता, लहानपणी खाडीत बुडता बुडता वाचला होता तेव्हासारखा. राघोचे ओठ हलले, आणि निघालं ते त्यानं ठरवलेलं नव्हतं.

"मी," तो म्हणाला. "मीच मारली."

मग सुमतीबाईंचा आवाज आला, भरून आलेला. "बघा, या माणसाची संवेदनशीलता बघा! एक झाड वठलं तरी तो स्वतःला दोषी मानतो. आपण सगळ्यांनीच ही जबाबदारी घ्यायला हवी." आणि टाळ्या पडल्या. राघोच्या कुठल्याही भाषणाला पडल्या नव्हत्या एवढ्या. एक बाई पदरानं डोळे पुसत होती.

राघो त्या टाळ्यांकडे बघत राहिला. खरं बोलून झालं होतं, आणि ते कुणी घेतलं नव्हतं. पुन्हा बोलायचं तर नयनचं नाव घ्यावं लागणार होतं. एवढं बळ त्याच्यात नव्हतं.

त्यानं कुऱ्हाड मधु भोईरपुढे धरली.

"घे. आजपासून मान भोईरांचा."

"आरं, असं कसं..."

"घे मधु. माझ्या घरानं सोरला."

"बाबा!" नयन ओरडला. एवढे दिवस त्याच्या आवाजात नव्हतं ते आता आलं. बापाच्या बापाच्या बापापासून चालत आलेलं, एक दिवस आपल्या हातात येणारं, बाप समोर उभं राहून दुसऱ्याच्या घरात टाकत होता. "बाबा, माझा विचार करा!"

"तुजाच केला," राघो म्हणाला.

मधुनं जराशी मान हलवली, इकडे तिकडे बघितलं, आणि कुऱ्हाड घेतली. नको नको म्हणत घेतात तशी. त्याचा घाव पडला तो कोरडा ठक्क वाजला. सुमतीबाई सांगत होत्या, मानसुद्धा वाटून घेणारा असा माणूस विरळा.

संध्याकाळी सावर उभी राहिली, पेटली. बायकांनी फेर धरला, नव्या जोडप्यांनी प्रदक्षिणा घातल्या. आगीजवळच्यांना घशात खवखव होत होती. यंदा धूर जरा जास्तच आहे, असं लोक म्हणाले. राख नेहमीसारखी पिशव्या भरून कुंड्यांसाठी गेली. ती नेऊ नका म्हणून राघो दोन-तीन बायकांच्या मागे लागला. त्या हसल्या. "काका, तुम्हीच तर सांगितलंत राख चांगली असते म्हणून!"

काही दिवसांनी सुमतीबाई त्याच्या घरी आल्या. एकट्याच. बसल्या, पाणी घेतलं, मग हळूच विचारलं, "राघोदादा, माझ्या कुंडीतली तुळस जळली. त्या दिवशी तुम्ही म्हणालात ते... खरं होतं का?"

"व्हय."

रसायनं शिकवलेली बाई, पुढचं सगळं त्यांना न सांगता कळलं असावं. मग म्हणाल्या, "हे आत्ता बाहेर गेलं ना, तर सगळ्या चांगल्या कामाला गालबोट लागेल हो. एवढी मोठी चळवळ उभी राहिली आहे. दिवा, टिटवाळा... सगळीकडे आपला नियम घेतायत. आपण असं करू, पुढच्या वर्षीपासून झाड तपासायला एक समिती नेमू."

"सुमतीबाय, नियमच मोरा," राघो म्हणाला. "पयल्यासारखं हिरवं झार पारा. उघर पारा, विचारून पारा. आनि एकाला धा लावा. वठलेलं मागितलं की लोक वठवतात."

"अहो, हिरवं झाड तोडा असं मी कुठल्या तोंडानं सांगू?"

तेच तो बैठकीत बोलला, तेव्हा मधु भोईर म्हणाला, "आख्खं ठानं आपला नियम धरून बसलंय नि तू मोरायला सांगतंस? आनि तुना आथा बोलायचा हक काय? मान आथा आमचा." हेही खरंच होतं. टिटवाळ्याहून भाषणाचं बोलावणं आलं तेव्हा राघोनं तिथे जाऊन सांगायचं ठरवलं. सांगितलंही. आयोजक मुलानं नंतर नम्रपणे म्हटलं, "काका, आज जरा निगेटिव्ह झालं." पुन्हा बोलावणं आलं नाही.

नयन आता वेगळ्या टॉवरमध्ये राहतो. बापाशी बोलत नाही, आईला फोन करतो. होळीचं मंडळ त्यानं सोडलं नाही. भोईरांच्या मानाचं झाड शोधायचं कामही त्याच्याकडेच आहे.

राघो श्रावणापासून रोज सकाळी बाहेर पडतो. बाळकुमच्या रस्त्यांवर, कॉम्प्लेक्सच्या कुंपणाकडेला जी काही झाडं उरली आहेत, त्यांच्याजवळ थांबतो. बुंध्याभोवती हात फिरवतो, खाली वाकून मुळांकडची माती चाचपतो, नखानं साल किंचित खरवडून ओल बघतो. गुडघे दुखतात, तरी एकेक झाड करत पुढे जातो. एका कॉम्प्लेक्सचा वॉचमन त्याला हटकायचा, आता हटकत नाही. होळीवाले काका म्हणून ओळखतो.

परवा एक तरुण बाई मुलाला शाळेच्या बसवर सोडून परत येत होती. राघोला बदामाच्या बुंध्याशी वाकलेला बघून थांबली.

"काका, पुढच्या होळीचं बघताय?"

राघो सरळ झाला.

"हे नका घेऊ, इथे मुलं सावलीत खेळतात," ती म्हणाली. मग तिनं हात लांब करून दाखवलं. "बी विंगच्या मागे एक आहे बघा, जांभळाचं. गाड्यांवर नुसता सडा पडतो त्याचा, सगळे वैतागलेत. होळीपर्यंत वठेल का हो ते?"

"कोनचं?" राघोनं विचारलं.

"ते काय, टाकीच्या बाजूचं."

राघो बदाम सोडून निघाला, आणि गुडघ्यांनी चालू दिलं तेवढ्या घाईनं बी विंगच्या मागे गेला.